सांगा अभिमानाने

फ्लेक्स आमच्याच मशीनवर निघाला.
वीस बाय दहा, एकसष्ट नग.
बिल अजून महापालिकेत, दुसऱ्या मजल्यावर,
कुठल्याशा टेबलाच्या डाव्या खणात.

निळं आभाळ, निळी नदी,
मधोमध एक मुलगी, दात सगळेच्या सगळे,
आणि डोक्यावर पिवळी अक्षरं:
सांगा अभिमानाने – सांगली!
पिवळा हळदीचा घ्या, साहेब म्हणाले होते.
शाई संपत आलेली,
शेवटचे अकरा लिंबाच्या सरबतासारखे फिके.

पहिल्या दिवशी लोकांनी बघितलं,
म्हणजे बघितलं नाही.

दुसऱ्या दिवशी मारुती चौकात
जिनपाल उपाध्ये स्कूटरवरून न उतरता म्हणाले,
"ही नदी आपली न्हवं.
कृष्णामाईच्या पाठीमागं डोंगर कधी उगवला?"
खरं होतं.
नदी नेटवरून उतरवलेली. पोरगीही.
मी तोंडात पान धरून गप्प.

मग एकेकाला वाचा फुटली.
भडंगाच्या गाड्यावरची रेहाना शिकलगार
कागदाचा कोन वळता वळता म्हणाली,
"सांगा, सांगा.
नळाला तीन दिस पाणी न्हाई
ते काय त्या दातवालीला सांगू?"
रिक्षा स्टॉपवर कुणीतरी चुन्याच्या बोटानं
'सांगा'पुढं एक शब्द वाढवला: कुणाला?
अक्षर माझ्या कंपोझिंगपेक्षा चांगलं.
शामरावनगरात तर चिखलानं हात बरबटवून
चार पोरांनी फ्लेक्सवर छापे मारले,
खाली लिहिलं, आमचा अभिमान, ओला आहे.

मिरजेहून एकाचा फोन,
मागं तंबोऱ्याची तार जुळवताना ऐकू येत होती,
"आम्ही काय म्हणून सांगायचं, ते पण छापा."
कुपवाडनं फोनसुद्धा केला नाही.

चांगलं म्हणणारेही होते, नव्हते असं नाही.
नवीन लग्न झालेली जोडपी फोटो काढायची.
एका निवृत्त मास्तरांनी दोन पानी पत्र लिहिलं,
शुद्धलेखन बिनचूक असल्याबद्दल.

चाळिसावा नग कापडपेठेच्या तोंडाशी,
भिंतीला सपाट ठोकलेला.
त्या भिंतीखाली बांगड्या मांडणारी
आक्काताई मगदूम दुकानात आली.
उभीच राहिली.
"माझी रेघ झाकलीसा."
कुठली रेघ म्हणून विचारायची गरज नव्हती.
एकोणीस सालची, तपकिरी ऑइलपेंटची,
शेजारी तारीख, हलक्या हातानं लिहिलेली.
आषाढ लागला की ती बांगड्या मांडायच्या आधी
हात वर करून रेघेला बोट टेकवते,
पुरत नाही, टाचा उचलते,
मग बसते.
"वर छापलंय चांगलं," ती म्हणाली,
"खालचं बी ऱ्हाऊ द्यायचं हुतं."
सुटे पैसे मोजत निघून गेली.

त्या रात्री कुणीतरी
त्या फ्लेक्सची एक पट्टी कापली.
वीतभर रुंद, या टोकापासून त्या टोकापर्यंत,
बरोबर मुलीच्या गळ्यातून.
खाली रेघ.
वर दात तसेच.

पोलीस आले, चहा घेतला, म्हणाले,
"लई सरळ कापलंय. पट्टी लावून."
असेल, मी म्हणालो.
ब्लेड ड्रॉवरमध्ये होतं. ड्रॉवर बंद होता.

आता तिथं माणसं थांबतात.
पाहुणा आला की स्टँडवरून घरी नेताना
रिक्षा बाजूला घ्यायला लावतात,
"हितवर," म्हणतात. "हितवर आलंतं."
पाहुणा मान वर करतो,
मग त्यांच्याकडं बघतो, पायापासून डोक्यापर्यंत,
जणू पहिल्यांदा.
ते काही बोलत नाहीत.
एखादा नुसताच खाकरतो.

परवा दुसऱ्या मजल्यावर गेलो होतो.
क्लार्क म्हणाला, साठच धरू,
एक नग खराब,
त्याचे पैसे कापावे लागतील.

कापा म्हटलं.